डॉ. आंबेडकरांचा रोमन दृष्टान्त

आर्थिक सत्ता हीच एकमेव सत्ता होय, हे समाजवाद्यांचे गृहीतक खोडून काढताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) या प्रबंधात रोमचा दृष्टान्त दिला आहे. प्लीबियन जनांना आपला कॉन्सल निवडण्याचा हक्क मिळाला. परंतु त्या निवडीस डेल्फीच्या देवतेची मान्यता लागे आणि देवतेचे पुरोहित पॅट्रिशियन असत. त्यामुळे खंबीर प्लीबियन त्या पदी बसू शकला नाही, आणि प्लीबियनांनीही श्रद्धेपोटी हे सोसले, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

यातील डेल्फीचा तपशील टिकत नाही. डेल्फी ग्रीसमधील, रोममध्ये निवडणुकीवर अंकुश होता तो ‘ऑस्पिकियम’चा, आणि त्याचे अधिकारी ‘ऑगर’ हे शकुनवेत्ते. ‘आविस’ म्हणजे पक्षी व ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे, यांपासून हा शब्द सिद्ध झाला आहे. संस्कृतातील ‘शकुन’ शब्दाचाही मूळ अर्थ पक्षीच. मराठीत तो अर्थ लोपला. शुभाशुभ ठरविण्याचा अधिकार मात्र शब्दासह टिकून राहिला.

तपशील दुरुस्त केला असता मूळ युक्तिवाद दुबळा न होता बळावतो. लिव्हीने आठव्या ग्रंथात इ. स. पू. ३२७ मधील प्रसंग दिला आहे. मार्कुस क्लॉदियुस मार्केल्लुस या प्लीबियनाची हुकूमशहा म्हणून नेमणूक झाली. शकुनवेत्त्यांनी ती सदोष ठरविली. दूर छावणीत, रात्रीच्या नीरवतेत झालेल्या विधीतील दोष रोममध्ये बसलेल्यांना कसा कळला, असे ट्रिब्यूनांनी विचारले. नेमलेला मनुष्य प्लीबियन आहे, याखेरीज दुसरा दोष त्यांना दिसेना. लिव्हीने हे तीन शतकांनंतर लिहिले, हे खरे. तथापि पावित्र्याच्या आड हितसंबंध कसे वावरतात, याची रोमन जाण त्यात निःसंशय प्रकट होते.

मात्र याच प्रसंगावरून प्लीबियनांनी सारे मुकाट्याने सोसले, हे विधान मर्यादित करावे लागते. त्यांनी प्रश्न विचारले, पुढे इ. स. पू. ३०० च्या ओगुल्नियन कायद्याने नऊपैकी पाच शकुनवेत्ते प्लीबियन झाले. पौरोहित्य वंशपरंपरेने न चालता परीक्षा व सनद यांवर आधारावे, ही डॉ. आंबेडकरांची त्याच प्रबंधातील सूचना या कायद्याच्या जवळची आहे.

परंतु या उपायाची मर्यादाही रोमनेच दाखविली. सिसेरो स्वतः शकुनवेत्ता. भविष्यकथनावरील आपल्या ग्रंथात त्याने शकुनांचे खंडन केले, तरी राज्याच्या हितासाठी विधी चालू ठेवावेत, असेच त्याचे मत राहिले. अधिकारी बदलले, अधिकाराचे अधिष्ठान बदलले नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात झालेल्या धर्मांतराचा विचार या संदर्भात करावा. रोमच्या प्लीबियनांनी शकुनवेत्त्यांत वाटा मिळविला. येथे त्या अधिष्ठानाचीच मान्यता काढून घेतली गेली. १९३६ चा दृष्टान्त तपशिलात चुकला असला, तरी तो ज्या प्रश्नाकडे बोट दाखवितो, त्याचे उत्तर रोमपाशी नव्हते.