स्नायडर यांनी नेमकं काय मोजलं?

सॉलोमन स्नायडर यांचं नाव निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : १९७३ साली त्यांनी मेंदूतला अफूचा रिसेप्टर शोधला. आज आपल्याला हेच वाक्य जरा तपासून बघायचं आहे. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. त्यामुळे त्यांचं खरं मोठेपण झाकलं जातं आणि त्या कामाची मर्यादाही.

रिसेप्टर ही कल्पना तशी जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लँगली आणि एर्लिच यांनी ती मांडली होती. पण पुढची कित्येक वर्षं रिसेप्टर हा अनुमानाचा विषय होता. औषध दिलं, स्नायू आखडला, म्हणजे तिथे काहीतरी असणार, एवढंच. स्टॅनफर्डच्या अ‍ॅवरम गोल्डस्टीन यांनी १९७१ मध्ये युक्ती सुचवली. लेव्होर्फॅनॉल आणि डेक्स्ट्रोर्फन हे रेणू म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा. पहिल्याने वेदना कमी होते, दुसऱ्याने तशी होत नाही. मग जे पहिल्याला धरतं आणि दुसऱ्याला धरत नाही, तेच आपल्याला हवं. युक्ती बरोबर होती, पण त्यांच्या हाती फार थोडं लागलं.

बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये, स्नायडर यांची विद्यार्थिनी कँडेस पर्ट हिने ते जमवलं. कृती ऐकायला अगदी घरगुती वाटते. उंदराचा मेंदू वाटायचा. त्यात ट्रिशियम लावलेलं किरणोत्सारी नॅलोक्सोन मिसळायचं. मग सगळं झटकन गाळायचं, थंड द्रावणाने धुवायचं, आणि गाळणीवर जे चिकटून राहिलं त्याचा किरणोत्सार मोजायचा. नॅलोक्सोन म्हणजे अफूचा असर उतरवणारं औषध. ते रिसेप्टरला घट्ट धरून बसतं आणि धुताना सुटत नाही. एका नळीत वरून लेव्होर्फॅनॉल घालायचं, दुसरीत डेक्स्ट्रोर्फन. दोन आकड्यांतला फरक म्हणजे रिसेप्टर! संशोधकांच्या बोलीत याला ‘वाटा आणि चिकटवा’ अशा अर्थाचं नाव आहे, थोडं हेटाळणीचंच.

आता बघा, त्याच वर्षी न्यूयॉर्कचे एरिक सायमन आणि उप्साला इथले लार्स टेरेनियस यांनीही स्वतंत्रपणे हाच रिसेप्टर दाखवला. म्हणजे स्नायडर नसते तरी शोध अडला नसता. आमच्या मते त्यांचा प्रभाव शोधात नाही, त्यानंतरच्या झपाट्यात आहे. ग्लायसिन, अ‍ॅसिटिलकोलिन, डोपामिन, सेरोटोनिन : एकामागून एक रिसेप्टर त्यांच्या प्रयोगशाळेने याच पद्धतीने मोजायला घेतले. औषध कंपन्यांना तर हे वरदानच वाटलं. पूर्वी प्रत्येक नव्या रेणूसाठी प्राणी लागायचे. आता चिमूटभर रसायन आणि काही नळ्यांत पहिली चाळणी लागायला लागली.

१९७६ मध्ये क्रीस, बर्ट आणि स्नायडर यांनी दाखवलं की स्किझोफ्रेनियावरची औषधं डोपामिन रिसेप्टरला जितकी घट्ट चिकटतात, तितका त्यांचा डोस कमी लागतो. टोरांटोचे फिलिप सीमन यांनाही हेच दिसलं होतं. आलेख देखणा आहे, आणि इथेच आम्हाला थांबावंसं वाटतं. तो आलेख डोस किती लागेल ते सांगतो. कोणाला गुण येईल, किती येईल, हे तो सांगत नाही. पण वाचणाऱ्यांनी पहिल्यातूनच दुसरं काढलं. क्लोझापीन या रिसेप्टरला तसं सैलच धरतं. तरी इतर औषधांना न जुमानणाऱ्या रुग्णांत ते सरस ठरतं, हे १९८८ मध्ये एका मोठ्या चाचणीने दाखवलं. डोपामिनला किती चिकटतं एवढ्याच चाळणीने रेणू निवडले असते, तर क्लोझापीन कोणी पहिल्या रांगेत बसवलं असतं का? दोष एकट्या स्नायडर यांचा नाही, पण मोजता येतं तेच महत्त्वाचं मानण्याची सवय या पद्धतीने पक्की केली, हे मान्य करायला हवं.

श्रेयाचा हिशोबही वाकडाच झाला. १९७८ चा लास्कर पुरस्कार स्नायडर, जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना मिळाला. पर्ट यांना वगळलं. त्यांनी निषेध नोंदवला. स्नायडर यांनी हे काम सोडायला सांगितलं होतं, आपण ते चालू ठेवलं, असं पर्ट यांनी पुढे आत्मकथनात लिहिलं. ती एक बाजू झाली. ती बाजूला ठेवली तरी १९७३ च्या निबंधावर पहिलं नाव त्यांचंच आहे. पुरस्कार प्रमुखांनाच द्यायचा असतो म्हणावं, तर ह्यूज हे कोस्टरलिट्झ यांचे कनिष्ठ सहकारी होते. विद्यार्थी नव्हते, हे खरं; पण एवढ्या फरकावर नाव गाळणं आम्हाला पटत नाही.

मात्र एक गोष्ट स्नायडर यांच्या बाजूने नोंदवायलाच हवी. १९९० च्या सुमारास, डेव्हिड ब्रेड्ट या विद्यार्थ्यासोबत, ते नायट्रिक ऑक्साइडकडे वळले. त्यांनी मेंदूत हा वायू बनवणारं एन्झाइम शुद्ध केलं, मग त्याचं जनुकही वेगळं काढलं. हा संदेशवाहक पेशीत साठवला जात नाही, लागेल तेव्हा बनतो, आणि पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरवर न थांबता सरळ आत शिरतो. गाळून, धुऊन मोजायच्या त्यांच्याच जुन्या पद्धतीत तो सापडलाच नसता.