बढती मिळाली की नर्सचं काम सुधारतं का?

या विषयावरचा पेपर हातात आला की आधी प्रश्नावली बघा. बहुतेकदा एकाच नर्सने एकाच बैठकीत ‘मला प्रगतीची संधी मिळते’ आणि ‘मी काम चांगलं करते’ या दोन्हींवर टिक केलेली असते. मग सहसंबंध येणारच! मूड बरा असेल तर दोन्हीकडे गुण वर.

खरी गोची पुढे आहे. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिकेची परिसेविका झाली की ड्युटी लावणं, स्टॉक सांभाळणं वाढतं; रुग्णाच्या खाटेपासून ती लांब जाते. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिक्या ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या मांडल्या, त्या कौशल्याच्या, पदाच्या नव्हेत. तुम्ही यातलं काय मोजताय, ते आधी ठरवा. आणि कामाचे गुण काही महिन्यांनी इन्चार्ज सिस्टरकडून घ्या. (पक्षपात तिचाही असतो, पण निदान वेगळा.)