‘७० टक्के लोक इशारा धुडकावतात’: पण कशाचे ७० टक्के?

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी प्रगती सेमिनारमध्ये मी मोठ्या आत्मविश्वासाने एक स्लाइड दाखवली होती. तिच्यावर एकच वाक्य होतं: क्रोम वापरणारे ७० टक्के लोक सुरक्षा प्रमाणपत्राचा इशारा धुडकावून पुढे जातात. खाली पेपरचं नाव, वर्ष, सगळं व्यवस्थित. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, “लोक की इशारे?” मला प्रश्नच कळला नाही. मी तेच वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. ते काय लिहिलं असेल हे मला त्या रात्री पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्यावर समजलं. तोवर मी फक्त सारांश वाचला होता.

तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, किंवा नुकतीच नोंदणी झाली असेल, तर ही चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून आजचा लेख. विषय साधा आहे: सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट आणि ब्राउझरमधली ती लाल खूण. पण त्यावरचं संशोधन वाचताना आकडा कसा तपासायचा, हे चांगलं शिकता येतं.

आधी थोडी पार्श्वभूमी

ब्राउझर एखाद्या साइटशी बोलायला जातो तेव्हा ती साइट आपलं प्रमाणपत्र दाखवते. ब्राउझर मुख्यतः तीन गोष्टी बघतो. मुदत चालू आहे का? प्रमाणपत्रावरचं नाव आणि तुम्ही टाकलेला पत्ता जुळतो का? आणि सही करणारी संस्था ओळखीची आहे का? सेल्फ-साइन्ड प्रमाणपत्रात ज्याचं प्रमाणपत्र त्याचीच सही असते. स्वतःच्या बोनाफाइडवर स्वतःच सही करून आणल्यासारखं. त्यात मजकूर खोटा असेलच असं नाही, पण तपासणाऱ्याकडे तो खरा मानायला आधार नसतो.

आपल्या लॅबमध्ये हे रोज दिसतं. गणनेचा सर्व्हर, प्रिंटरचं पान, डेटा साठवायचा डबा, सगळीकडे हाच इशारा. आणि सीनियर नव्या मुलाला पहिल्या दिवशी काय शिकवतो? “काही नाही रे, ॲडव्हान्स्डवर क्लिक कर आणि पुढे जा.” मीसुद्धा हेच शिकलो आणि हेच शिकवलं.

पहिला पेपर: लांडगा आला रे

२००९ मध्ये युझनिक्स सिक्युरिटी परिषदेत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या गटाचा ‘क्राइंग वुल्फ’ हा पेपर आला. जोशुआ सनशाइन, सर्ज एगेलमन, लॉरी क्रेनर आणि सहकारी. त्यांनी १०० जणांना प्रयोगशाळेत बोलावलं आणि पाच प्रकारच्या इशाऱ्यांमध्ये वाटून दिलं. प्रत्येकाच्या कामांपैकी दोन कामांत इशारा येई: स्वतःच्या बँकेच्या साइटवर जाणं आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा कॅटलॉग बघणं. इशारा यावा म्हणून त्यांनी ब्राउझरच्या विश्वासू यादीतून सही करणाऱ्या संस्थाच काढून टाकल्या होत्या.

या रचनेत मला आवडलेली गोष्ट म्हणजे बँक आणि ग्रंथालय ही जोडी. बँकेवर थांबणं शहाणपणाचं, ग्रंथालयावर पुढे गेलं तरी फारसं बिघडत नाही. म्हणजे ‘किती जण थांबले’ एवढंच मोजायचं नाही, तर ‘कुठे थांबायचं हे लोकांना कळलं का’ हे मोजायचं. फायरफॉक्स ३ चा इशारा घ्या. बँकेवर २० पैकी ११ जण पुढे गेले, ग्रंथालयावर १२. आकडे जवळपास सारखेच. म्हणजे त्या इशाऱ्याने लोकांना अडवलं, पण फरक ओळखायला मदत केली नाही. उलट संशोधकांनी स्वतः तयार केलेल्या एका इशाऱ्यात बँकेवर ९ आणि ग्रंथालयावर १६ जण पुढे गेले. इथे भेद दिसतो.

मर्यादाही उघड आहे. प्रत्येक गटात २० माणसं. दोनतीन जणांनी वेगळं वागलं तरी टक्केवारी १०-१५ अंकांनी हलते. शिवाय विद्यापीठाच्या खोलीत, कुणी दिलेल्या संगणकावर बसलेला माणूस घरच्याइतका सावध असेलच असं नाही.

दुसरा पेपर: माझी स्लाइड जिथून आली

२०१३ मध्ये देवदत्त आखावे आणि एड्रियन पोर्टर फेल्ट यांनी ‘ॲलिस इन वॉर्निंगलँड’ लिहिला. इथे प्रयोगशाळा नाही. क्रोम आणि फायरफॉक्सकडून आलेली प्रत्यक्ष वापराची माहिती, अडीच कोटींहून अधिक इशारे. क्रोममध्ये ७०.२ टक्के प्रमाणपत्र-इशारे ओलांडले गेले, फायरफॉक्समध्ये ३३ टक्के.

बघा, ‘इशारे ओलांडले गेले’. मॅडमचा प्रश्न हाच होता. छेदात माणसं नाहीत, इशारे आहेत. माझ्यासारखा एक विद्यार्थी आठवडाभर रोज लॅबचा सर्व्हर उघडतो आणि रोज पुढे जातो. तो एकटा सात वेळा मोजला गेला. दुसरी सहा माणसं आयुष्यात एकदाच इशारा बघून मागे फिरली. तेरा इशाऱ्यांपैकी सात ओलांडले, म्हणजे ५४ टक्के. पण ओलांडणारा माणूस सातांत एक!

क्रोम आणि फायरफॉक्सची तुलना तर आणखी जपून करायला हवी. त्या वेळी फायरफॉक्समध्ये ‘हा अपवाद कायमचा लक्षात ठेव’ ही खूण आधीपासूनच केलेली असे. एकदा पुढे गेलात की त्या साइटचा इशारा संपला. क्रोम मात्र तसा कायमचा अपवाद ठेवत नव्हता, त्यामुळे तोच इशारा पुन्हा पुन्हा येई. म्हणजे क्रोमच्या आकड्यात नेहमीचे ओलांडणारे फुगून दिसतात. लेखकांनी ही शक्यता पेपरमध्ये मांडलीच आहे. मीच तिथपर्यंत पोचलो नव्हतो. पुढच्याच वर्षी क्रोममध्ये फायरफॉक्ससारखा इशारा दाखवूनही प्रयोग झाला, आणि दिसण्यातल्या बदलाने फरकाचा काही भागच भरून निघाला.

समजलं नाही, पण ऐकलं

२०१५ चा फेल्ट आणि सहकाऱ्यांचा पेपर मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या: लोकांना इशारा समजावा, आणि लोकांनी तो पाळावा. पहिल्या बाबतीत आपण अपयशी ठरलो, असं त्यांनी सारांशातच लिहून टाकलं. दुसऱ्यात यश आलं: सुमारे ३० टक्के अधिक वापरकर्ते सुरक्षित बाजूला राहिले. कारण सुरक्षित बटण ठळक केलं आणि पुढे जाण्याचा मार्ग ‘ॲडव्हान्स्ड’च्या मागे लपवला.

अपयश सारांशात लिहायला धाडस लागतं, हे तुम्हाला पहिला पेपर लिहिताना कळेलच. तरी माझी एक तक्रार आहे. इशारा ‘पाळला’ हे यश मानायचं, तर इशारा बरोबर होता हे गृहीत धरावं लागतं. पण सर्व्हर माझ्याच लॅबचा असेल, तर मागे फिरणं हे यश की अडथळा? कॉरमॅक हर्ली यांनी २००९ मध्येच हा मुद्दा टोकाला नेला होता: जवळपास सगळे प्रमाणपत्र-इशारे खोटे गजर असतील, तर त्यांकडे दुर्लक्ष करणं हाच वापरकर्त्याचा समंजसपणा.

हर्लींचं म्हणणं वाचताना टाळी वाजवावीशी वाटते, पण थांबा. हल्लेखोर खोटं प्रमाणपत्र फारसं वापरत नाहीत, त्याचं एक कारण इशारा येतो हेही असू शकतं. कुलूप आहे म्हणून चोरी झाली नाही, आणि चोरी झाली नाही म्हणून कुलूप निरुपयोगी, असं म्हणता येईल का? २०११ मध्ये डिजिनोटार या डच संस्थेच्या नावाने गूगलचं बनावट प्रमाणपत्र निघालं. ते जगापुढे आलं, कारण इराणमधल्या एका वापरकर्त्याने क्रोमचा इशारा गांभीर्याने घेतला आणि तो कळवला.

मग दुरुस्ती कुठून सुरू करायची?

२०१७ च्या गूगलच्या अभ्यासात ३० कोटींहून अधिक त्रुटी तपासल्या, आणि निम्म्याहून जास्त त्रुटींचं मूळ सर्व्हरमध्ये नव्हतंच. ते वापरकर्त्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये होतं. चुकलेलं घड्याळ, हॉटेल-विमानतळावरच्या वायफायचं लॉगिन पान, असं काहीतरी. म्हणून पहिली सवय: क्लिक करण्याआधी त्रुटीचं नाव वाचा.

तारखेची त्रुटी असेल तर आधी आपल्या संगणकाचं घड्याळ बघा. नावाची असेल तर प्रमाणपत्र सर्व्हरच्या नावाचं आहे आणि तुम्ही आयपी पत्ता टाकताय का, ते बघा. क्रोमने २०१७ पासून ‘कॉमन नेम’ हा रकाना मानणं सोडलं. नाव ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’मध्येच हवं. जुन्या ट्युटोरियलवरून केलेली प्रमाणपत्रं इथेच अडकतात. हे दोन्ही ठीक असून सही करणारा अनोळखी असेल, तरच तो खरा सेल्फ-साइन्डचा प्रश्न.

त्यावर उपाय ‘पुढे जा’ हा नव्हे. सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे जा, त्याच्या टर्मिनलवरचं एसएचए-२५६ फिंगरप्रिंट आणि तुमच्या ब्राउझरमधलं फिंगरप्रिंट जुळवून बघा. जुळलं तरच प्रमाणपत्र विश्वासू यादीत घाला. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र असते, हे विसरू नका. आणि ज्या किल्लीने सही केली ती जपून ठेवायला सांगा. ती हरवली आणि प्रमाणपत्राला इतरांवर सही करायचा अधिकार असेल, तर कुणीही तुमच्या संगणकापुढे बँक बनून उभा राहू शकतो. सर्व्हरला सार्वजनिक डोमेन नाव असेल तर लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र घ्या, म्हणजे विषयच मिटला.

आमच्या लॅबमध्ये हे सगळं करायला एक दुपार लागली. इतकी वर्षं आम्ही रोज एक क्लिक करत होतो, आणि नव्या मुलांना लाल रंगाकडे न बघण्याची सवय लावत होतो. सर्व्हरचा पासवर्ड आणि ईमेलचा पासवर्ड एकच ठेवणारे आमच्यात किती होते, ते मी इथे लिहीत नाही.

माझी स्लाइड आता बदलली आहे. तिच्यावर लिहिलंय: ‘क्रोममधले ७०.२ टक्के इशारे, २०१३, एकच व्यक्ती अनेकदा मोजली जाण्याची शक्यता.’ वाक्य लांबलं, चमक गेली. पण पुढच्या सेमिनारला मॅडमनी वहीत काही लिहिलं नाही. तुम्ही कोणताही आकडा उचलाल तेव्हा आधी छेदात काय आहे ते बघा. तो प्रश्न समितीच्या आधी स्वतःला विचारलेला बरा.