जळू आणि हंस

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील तेरावा अध्याय, ‘जलौकावचारणीय’, जळवांना वाहिलेला आहे. पिंपरीच्या आयुर्वेद महाविद्यालयात तो शिकवला जातो. विज्ञानाच्या शिक्षकांनीही वाचावा. जळवांच्या बारा जाती, त्यांपैकी सहा विषारी; त्या कशा पकडाव्या, मडक्यात कशा ठेवाव्या, चिकटली नाही तर दुधाचा किंवा रक्ताचा थेंब द्यावा. हे लिहिणाऱ्याने जळवा हाताळल्या आहेत याबद्दल आम्हांस शंका नाही. थेंबाची युक्ती तर रुग्णालयांत आजही चालते.

अध्याय अडखळतो तो ‘का’ या प्रश्नापाशी. दंशाची जागा टोचू-खाजू लागली की जळू आता शुद्ध रक्त पिते आहे, तिला काढावे, असे सुश्रुत सांगतो. वाग्भट अष्टांगहृदयात आणखी पुढे जातो: हंस पाण्यातून दूध निवडतो तशी जळू आधी दूषित रक्त ओढते. उपमा गोड आहे, पण हे हंसालाही जमत नाही. (हंसाबद्दलची ही समजूत वर्गात एकदा तपासायला हरकत नाही.) जळवेला चांगले-वाईट रक्त कळत नाही. तिच्या तोंडाखाली आहे ते ती पिते.

मग गुण येतो कुठून? भोसरी-चाकण पट्ट्यात प्रेसखाली बोट तुटण्याचे अपघात होतात. तुटलेले बोट जोडताना धमनी जुळते, पण नाजूक शिरा पुष्कळदा जुळत नाहीत. रक्त आत येते, बाहेर जाऊ शकत नाही. बोट निळे-जांभळे पडते आणि मरू लागते. नव्या शिरांना वाट काढायला 4-5 दिवस लागतात. तेवढे दिवस जळू रक्ताला वाट करून देते. ती स्वतः 5 ते 10 मिलिलिटर पिते, पण खरे काम ती सुटल्यावर होते. तिच्या लाळेतील हिरुडिन रक्त गोठू देत नाही, म्हणून जखम कित्येक तास पाझरते. जळवेचा अर्क रक्त गोठू देत नाही, हे जॉन हेक्राफ्टने 1884 साली दाखवले. 1985 साली बॉस्टनमध्ये जोसेफ अप्टन यांनी एका मुलाचा जोडलेला कान जळवांनी वाचवला, आणि 2004 साली अमेरिकेने या वापराला मान्यता दिली. येथे रक्त अशुद्ध नसते, अडकलेले असते.

हा फरक केवळ शब्दांचा नाही. ‘रक्तशुद्धी’ मानली की जळू त्वचारोगापासून कशालाही लावता येते. ‘अडकलेले रक्त’ म्हटले की कोठे लावू नये तेही ठरते.

जळू सोडत नसेल तर तोंडावर सैंधव टाकावे, हा सल्लाही आज धोक्याचा ठरतो. मिठाने जळू ओकते आणि तिच्या आतड्यातील एरोमोनास जिवाणू जखमेत उतरतात. म्हणून आता ती आपोआप सुटू देतात व रुग्णाला प्रतिजैविके देतात. सुश्रुत सुटलेल्या जळवेला पिळून ओकवतो, पाण्यात सोडून ती नीट हिंडते का ते पाहतो. निरीक्षण अचूक आहे. पण कावीळ आणि एड्सचे विषाणू पोट रिकामे केल्याने जात नाहीत. आज वापरलेली जळू अल्कोहोलमध्ये मारतात; सुश्रुताची जळू पुढच्या रुग्णासाठी मडक्यात परत जाते.