बोईसरच्या पाटीतला शब्द

बोईसर स्थानकाच्या पाटीवरील इंग्रजी अक्षरे उलटसुलट केली की 'आयसोबार' मिळतो. एक अर्थ नकाशावरील समदाब रेषा. दुसरा, 1969 मध्ये अणुवीज सुरू झालेल्या शेजारच्या तारापूरला शोभणारा: अणुवस्तुमानांक सारखा पण अणुअंक वेगळा असलेले अणू, उदाहरणार्थ, आर्गॉन-40 व पोटॅशियम-40. 'स्क्रॅबल'मध्ये मात्र या शब्दाला मुळात जेमतेम 8 गुण. क्यू-आय या दोन अक्षरी शब्दाला 11! आल्फ्रेड बट्स यांनी वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून किमती ठरवल्या. हिशोब चोख, पण वर्गासाठी आम्हांला तो अपुरा वाटतो. दुर्मिळ अक्षराला मोल, अर्थाला शून्य. मग मुले याद्याच घोकणार. अर्थ सांगेल त्यालाच गुण, हा नियम आपण घालून पाहावा. पालघरच्या पाटीतही पाच अक्षरांचा एक गणिती शब्द आहे.