सुधारक राजाचें चरित्र आणि अस्सल कागदाची कसोटी

श्रीमंत सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा जन्म इ. स. १८६३ सालीं नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवीं झाला. त्याच जिल्ह्यांत, देवळाली कॅम्प येथें राहून आम्ही हें टिपण लिहीत आहों. सयाजीरावांची तुलना रशियाचा सुधारक बादशहा पीटर (१६७२–१७२५) याच्याशीं करण्याचा मोह वाचकास सहज होतो. दोघांनींही परदेश पाहिले आणि हुकमाच्या बळावर प्रजेस नव्या वाटेस लाविलें. मात्र पीटर स्वतंत्र होता, फौज त्याची होती. सयाजीरावांच्या डोक्यावर इंग्रजांची सार्वभौम सत्ता होती. देवळालीची छावणी त्याच सत्तेनें वसविली. १९११ च्या दिल्ली दरबारांतील वर्तनाबद्दल महाराजांस व्हाइसरॉयकडे खुलासा धाडावा लागला. हा भेद मोठा खरा. परंतु साधनांच्या दृष्टीनें दोन्ही चरित्रांची अडचण एकच आहे.

पीटरनें स्वीडनबरोबरच्या युद्धाचा इतिहास आपल्या देखरेखीखालीं लिहविला व मसुद्यांवर स्वहस्तें दुरुस्त्या केल्या. मठांतील जुनीं बाडें धुंडाळण्याचे हुकूमही त्यानें १७२० व १७२२ सालीं सोडले. त्याबद्दल संग्राहकांनीं त्याचें ऋण मानावें. पण स्वतःच्या कारकीर्दीस राजाची एकट्याची साक्ष पुरत नाहीं. दुसरी साक्ष निघाली ती इव्हान पोसोश्कोव्ह या शेतकरी कुळांतील माणसाच्या लेखणींतून. तो सुधारणेचा कैवारी. तरी १७२४ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें रयतेची दैना व अंमलदारांचा जुलूम मांडला. पीटरच्या मागें १७२५ त तो पकडला गेला आणि पुढील वर्षीं कैदेंत मेला. ग्रंथ छापला गेला १८४२ सालीं, तोही पोगोदिन या हस्तलिखित-संग्राहकाच्या हातून.

आतां बडोद्याकडे वळूं. स्टॅन्ली राइस यांचें दोन भागांचें इंग्रजी चरित्र १९३१ सालीं, म्हणजे महाराज हयात असतां निघालें. १९८९ चें चरित्र फत्तेसिंहराव गायकवाड या पणतूनें लिहिलेलें आहे. एवढ्यानें हीं चरित्रें त्याज्य ठरत नाहींत. परंतु राजवाड्यांनीं १८९८ सालीं पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेंत बखरींस जी कसोटी लाविली, तीच यांसही लागली पाहिजे.

महाराजांचे हुकूम पाहिले तर आदर वाढतो. सक्तीचें प्राथमिक शिक्षण १८९३ त अमरेली भागांत सुरू होऊन १९०६ त राज्यभर झालें. मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दंड होई. १९१४ सालीं चिमणलाल दलाल यांस पाटणचीं जैन भांडारें तपासण्यास पाठविलें गेलें, आणि १९१६ त राजशेखराच्या काव्यमीमांसेनें गायकवाड प्राच्य ग्रंथमालेस आरंभ झाला.

पण हुकूम हा अंमलाचा पुरावा नव्हे. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ सालीं अमेरिकेस गेलेले डॉ. आंबेडकर १९१७ त नोकरीसाठीं बडोद्यास आले, तेव्हां अस्पृश्य म्हणून त्यांस राजधानींत बिऱ्हाड मिळेना. एका पारशी धर्मशाळेंत ते राहिले, तेथूनही त्यांस हांकलण्यांत आलें. ही हकीकत त्यांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखांत आहे. हस्तलिखितावरून तो १९९० सालीं छापला गेला. हा लेख प्रसंगानंतर सुमारें अठरा वर्षांनीं लिहिलेला, म्हणून तोही दरबारी कागदांशीं ताडून घ्यावा. मात्र राजाची इच्छा कोठपर्यंत पोंचली व कोठें अडली, हें दाखविणारा असा दुसरा कागद विरळा. शिष्यवृत्ति देणारा राजा खरा आणि दार लावणारें शहरही खरें. चरित्रांत दोहोंस जागा हवी.

म्हणून संग्राहकांस विनंति इतकीच कीं, मोडी रुमालांस जपतां तसेंच या अलीकडच्या कागदांसही जपावें. गायकवाडी मुलुखांतील शाळांचे हजेरीपट, दंडाच्या नोटिसा, पंतोजींचीं पत्रें, तगादे व अर्ज हे दिसण्यांत क्षुद्र आहेत. पण बडोद्याचा पोसोश्कोव्ह सांपडलाच, तर तो अशाच एखाद्या गठ्ठ्यांत सांपडेल. तो रद्दीच्या तराजूंत पडण्यापूर्वीं आपल्या हातीं लागावा.