केव्ह, एडवर्ड

केव्ह, एडवर्ड : (१६९१–१० जानेवारी १७५४). इंग्रज मुद्रक, प्रकाशक आणि द जंटलमन्स मॅगझीन ह्या मासिकाचा संस्थापक-संपादक. वॉरिकशरमधील न्यूटन येथे एका चर्मकाराच्या कुटुंबात जन्म. रग्बी येथील शाळेत त्याने काही काळ शिक्षण घेतले. पुढे लंडनमध्ये एका मुद्रकाकडे उमेदवारी केली. टपाल खात्यात नोकरीस असताना तो बाहेरगावच्या बातम्या लंडनच्या वृत्तपत्रांना व लंडनच्या बातम्या बाहेरगावच्या वृत्तपत्रांना पुरवीत असे. संसदेचे वृत्त असे पुरविल्याबद्दल १७२८ मध्ये त्याला अटकही झाली.

जानेवारी १७३१ मध्ये क्लार्कनवेल भागातील सेंट जॉन्स गेट ह्या जुन्या वास्तूतून त्याने आपले मासिक सुरू केले. ‘मॅगझीन’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ कोठार असा असून मराठीतील ‘खजिना’ हा शब्दही त्याच अरबी धातूपासून आलेला आहे. नियतकालिक ह्या अर्थी तो रूढ झाला, तो केव्हमुळे. साप्ताहिकांतील निबंधांचे सारांश, कविता, वृत्ते, जन्म-मृत्यूच्या नोंदी, नव्या ग्रंथांच्या याद्या असा विविध मजकूर त्यात असे. ‘सिल्व्हेनस अर्बन’ हे संपादकाचे टोपणनाव वन आणि नगर ह्या अर्थांच्या लॅटिन शब्दांवरून घेतलेले असून ग्रामीण व नागर अशा दोन्ही वाचकवर्गांचा त्यात निर्देश आहे. आरंभीचा बराचसा मजकूर इतर पत्रांतून उचललेला होता, हा आक्षेप रास्त आहे. तथापि निवड, संक्षेप आणि नियमितपणा ह्यांच्या बळावर केव्हने संकलनालाच स्वतंत्र वाङ्मयीन व्यवसायाची प्रतिष्ठा मिळवून दिली.

संसदेतील वादविवाद छापण्यास कॉमन्स सभेने १७३८ मध्ये कडक मनाई केली. तेव्हा केव्हने स्विफ्टच्या कादंबरीतील लिलिपुट देशाच्या विधिमंडळाचे कामकाज म्हणून ते प्रसिद्ध करण्याची युक्ती योजली. १७४१ ते १७४४ ह्या काळात प्रसिद्ध झालेले हे वृत्तांत ⇨सॅम्युएल जॉन्सन ह्याने मुख्यतः त्रोटक टिपणांवरून रचले होते. त्यातील भाषणे पुष्कळांनी खरी मानली. काही तर पुढे चेस्टरफील्डच्या लेखसंग्रहातही समाविष्ट झाली. जॉन्सनला ह्याचा उत्तरायुष्यात पश्चात्ताप झाला. केव्हच्या कार्याचे मूल्यमापन करताना हा पेच टाळता येत नाही : राज्यकारभार जाणण्याचा लोकांचा हक्क त्याने धोका पतकरून पुढे रेटला, पण त्यासाठी जे त्यांच्या हाती दिले, ते बव्हंशी कल्पित होते. मात्र ह्या दोषाला सत्याचीच वाट अडविणारी बंदी अधिक कारणीभूत होती, असे म्हणावे लागते. १७४७ मध्ये लॉर्ड लोव्हटवरील खटल्याचे वृत्त छापल्याबद्दल लॉर्ड्‌स सभेनेही त्याच्यावर कारवाई केली.

जॉन्सनला लंडनमध्ये पहिले नियमित काम केव्हनेच दिले. ⇨बेंजामिन फ्रँक्लिनचा विद्युत्-प्रयोगांवरील ग्रंथही त्याने १७५१ मध्ये प्रकाशित केला. नॉर्थॅम्प्टन येथे यंत्राने सूत कातण्याचा कारखानाही त्याने काढून पाहिला. १७५४ मध्ये जॉन्सनने लिहिलेल्या चरित्रात केव्हची बुद्धी मंदगती, पण अचूक आणि चिकाटी असामान्य असल्याचे म्हटले आहे. स्वतः लेखक म्हणून केव्हचे स्थान गौण आहे. परंतु लेखकाला नियमित मोबदला आणि वाचकाला नियमित वाचन मिळवून देणारी संस्था त्याने उभी केली. त्याच्यानंतरही हे मासिक विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिले. लंडन येथे तो निधन पावला.